फियाटच्या पोटाखाली

आमच्या शोकेसमध्ये एक काळी-पिवळी फियाट उभी आहे. लांबी सोळा-साडेसोळा सेंटिमीटर. येणारा पाहुणा तिच्यासमोर थांबतो, "अरे वा, टॅक्सी!" म्हणतो, लहानपणी दादर स्टेशनवरून कॅरियरवर ट्रंक बांधून कसे जायचो ते सांगतो आणि चहाकडे वळतो. आजवर एकाही पाहुण्याने ती उचलून उलटी करून पाहिलेली नाही. आणि माझे अकरा महिने खालच्या बाजूला आहेत.

सुरुवात साधी होती. ओळखीतल्या एका छंदिष्टाने प्रीमियर पद्मिनीची रेझिनमध्ये ओतलेली बॉडी दिली. मापाला १:२४. वरून बघाल तर डोळ्यांत पाणी यावं अशी. उलटी केली तर सपाट पाटी. खेळण्यातल्या गाड्यांना असतो तसा एक दांडा इकडून तिकडे आणि दोन्ही टोकांना चाकं. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून जी गाडी बाहेर पडली, जिने निम्म्या मुंबईचे मणके हलवले, तिला सस्पेन्शनच नाही? मी बायकोला म्हटलं, "खालचं जरा करून टाकतो. दोन रविवार लागतील." तिने कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली की बोलावं लागत नाही.

खरी पद्मिनी बघणं आलं. टॅक्सी म्हणून नोंदवलेली शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. पण ठाण्यात एका गॅरेजमध्ये खाजगी एक होती, मालक ती लग्नाच्या वरातीला भाड्याने देत असे. मी व्हर्नियर, वही, टॉर्च घेऊन पोचलो. मिस्त्री म्हणाले, "काय आवाज येतोय का गाडीतून?"

"नाही, गाडी माझी नाही."

"मग?"

"खालून बघायची होती."

मिस्त्रींनी एक पुठ्ठा दिला. सबंध आयुष्यात त्यांच्याकडे गाडी दुरुस्त न करता फक्त बघायला आलेला मी पहिलाच असणार. पुठ्ठ्यावर उताणा पडून आत सरकलो. पुढे दोन्ही चाकांना आपापल्या जोडबेचक्या, म्हणजे विशबोन, वर एक खाली एक, मध्ये कॉइल स्प्रिंग. मागे सरळ एक जाडजूड ॲक्सल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाटे. पाटे म्हणजे कमानदार पोलादी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या, सगळ्यात लांब वरती आणि खाली क्रमाने आखूड. मालकाने वऱ्हाडाच्या वजनाला घाबरून एक जादा पाटा टाकून घेतला होता. मुख्य पाट्याच्या एका टोकाला पक्का बोल्ट, दुसऱ्या टोकाला शॅकल नावाची झुलती कडी, कारण पाटा दबला की लांबतो, त्याला सरकायला जागा लागते. हे सगळं मी उताणा पडून, छातीवर वही ठेवून, डोळ्यांत पडणारा १९८० च्या दशकातला चिखल चुकवत रेखाटलं. तेवढ्यात कुणीतरी शेजारच्या गाडीचा हॉर्न तपासला. माझं कपाळ डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या लोखंडी गोळ्याला, लागलं. बाहेर आलो तेव्हा पाय बॉनेटच्या दिशेने होते की डिकीच्या हे लक्षात राहिलं नाही. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. माझा बेत होता की स्प्रिंग खऱ्या चालल्या पाहिजेत, गाडीवर बोट दाबलं की ती दबून वर आली पाहिजे. इथे भौतिकशास्त्र आडवं आलं. खरी गाडी साधारण ९०० किलोची. ती सगळ्या बाजूंनी चोवीसपट लहान केली की वजन चोवीसपट कमी होत नाही, २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट कमी होतं. हाती उरतात ६५ ग्रॅम. एक मध्यम कांदा. स्प्रिंगचा ताठरपणा मात्र चोवीसपटच उतरतो. खरी गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगवर दहा सेंटिमीटर बसत असेल, तर माझी चार मिलिमीटर बसायला हवी. प्रत्यक्षात बसणार ०.१७ मिलिमीटर. म्हणजे माझी फियाट सगळ्यांपेक्षा उंच, पदर खोचून पाण्यात उतरलेल्या बाईसारखी दिसणार. तेव्हा ठरलं की स्प्रिंग दिसतील खऱ्या, पण हलणार नाहीत. सरकारी योजनांमध्येही हे चालतं.

पुढच्या कॉइलला मी सव्वादहा मिलिमीटरची तार धरली, म्हणजे इथे ०.४३. एवढी बारीक आणि ताठ तार इलेक्ट्रिक गिटारची तिसरी. वाद्यांच्या दुकानात गेलो.

"एकच तार? कुठलं गिटार आहे?"

"गिटार नाही, फियाट आहे."

दुकानदाराने मागे जाऊन तार आणली, पैसे घेतले, आणि मी बाहेर पडेपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

तार तीन मिलिमीटरच्या ड्रिलवर गुंडाळायची. सोपं वाटतं. पण गिटारची तार म्हणजे मुळात चिडलेली. तुम्ही तिला दहा वेढे घालता, ती दहाही वेढे मनात धरून ठेवते. पक्कड सैल झाली आणि 'टिंग' असा, गिटारवाल्यालाही आवडला असता असा स्वर आला. चष्म्यावर एक फटका, आणि स्प्रिंग फरशीवर.

आमची फरशी मोझॅकची. ज्यांच्या घरी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मोझॅकमध्ये काळे, पांढरे, करडे, विटकरी असे सगळे ठिपके असतात आणि चार मिलिमीटरची कुठलीही वस्तू त्यांत पडली की ठिपक्यांत नाव नोंदवून मोकळी होते. मी टॉर्च फरशीला टेकवून आडवा उजेड पाडला. सावली पडून वस्तू कळते म्हणतात. मला कळलं की आमच्याकडे केर नीट निघत नाही. हे मी मोठ्याने बोललो, ही चूक. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सोफ्याखालून फिरवलं. सापडलं ते असं: शिवणाच्या तीन सुया, एक बॉबी पिन, स्टेपलरच्या पिना, मुलाच्या सायकलच्या चेनची कडी. स्प्रिंग दुसऱ्या दिवशी मावशींच्या सुपलीत निघाली. मावशींनी ती दोन बोटांत धरून विचारलं, "दादा, हे तुमच्या डोक्यातलं का?" पेन्सिलचं टोक, बटणाचा तुकडा असं काहीही सापडलं की त्या हल्ली असंच विचारतात.

पाट्यांसाठी प्लॅस्टिक कार्डच्या, म्हणजे मॉडेलवाल्यांच्या पातळ प्लॅस्टिकच्या, पाव मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. पाव गुणिले चोवीस सहा, बरोब्बर. कमान आणायला काहीतरी गोल हवं. लाटणं फार बारीक, पिठाचा डबा फार मोठा. देवघरातल्या तांब्याचा पोटाचा घेर मात्र जणू फियाट कंपनीनेच काढला होता. पट्ट्या रबरबँडने तांब्याला आवळायच्या, उकळत्या पाण्यात धरायच्या, लगेच गार पाण्यात. संकष्टीच्या सकाळी सासूबाईंनी तांब्या शोधला तेव्हा त्याच्या कमरेला सहा पाटे आणि तीन रबरबँड होते. त्या म्हणाल्या, "काय व्रत आहे हे?" मी म्हटलं, "फियाट." त्यांनी हात जोडले. कुणाला ते विचारलं नाही.

शॉकअपसाठी मेडिकलच्या सुया. सुईच्या गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हा शोध मला चौथ्या फेरीत लागला. १६ गेज म्हणजे १.६५ मिलिमीटर, गुणिले २४, चाळीस. झालं नळकांडं. त्यात २६ गेजची, ती अकरा मिलिमीटरचा रॉड. एका बाजूने आत सरकवली की शॉकअप तयार, अगदी ऑइल गळतंय की काय असं वाटावं इतका. फक्त केमिस्ट दर वेळी विचारायचा, "पेशंटला आता कसं वाटतंय?" आणि मी दर वेळी "आता मागचे दोन राहिलेत" असं उत्तर द्यायचो.

आता सुपर ग्लूबद्दल. हा गोंद दहा सेकंदांत चिकटतो असं नळीवर लिहिलेलं असतं. दोन वस्तू जोडताना त्याला दहा मिनिटं लागतात. वस्तू आणि बोट जोडताना दोन सेकंद. पण त्यावर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरला की तो क्षणात दगड होतो, भज्यांना लागणारा सोडा असा कामी येतो. एका शनिवारी डाव्या हाताच्या अंगठ्याला खालचं विशबोन चिकटलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यावर वाळलेल्या गोंदाचा थर बसला. अशा वेळी बेल वाजते. गॅसवाला.

"ओटीपी सांगा."

मोबाईल काढला. अंगठा लावला. फोनने ओळख नाकारली. पुन्हा लावला. पुन्हा नाकारली. अंगठ्याचे ठसे गोंदाखाली गाडले गेले होते. फोनच्या लेखी मी माणूस नव्हतो, एक गुळगुळीत वस्तू होतो. पिन गेली तीन वर्षं टाकला नव्हता, तो बायकोला पाठ, बायको बाजारात. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर तोलून उभा. मी त्यालाच बायकोला फोन लावायला सांगितलं, तर म्हणे "माझा बॅलन्स संपलाय." शेवटी पिन आठवला. डाव्या हाताची बोटं विशबोनने व्यापलेली, उजव्या अंगठ्याला संवेदना नाही, म्हणून नाकाने टाकला. चार आकडे, तीन प्रयत्न. गॅसवाल्याने इतक्या मुलांना, आजोबांना, कुत्र्यांना ओटीपी देताना पाहिलं असेल, पण नाकाने पहिल्यांदाच. जाताना तो म्हणाला, "साहेब, तब्येतीला जपा."

अंगठा सोडवायला नेलपॉलिश रिमूव्हर लागतो. त्यातल्या ॲसिटोनने गोंद विरघळतो. आणि प्लॅस्टिक कार्डही. माझा अंगठा सुटला आणि विशबोन श्रीखंडासारखं झालं. ते पुन्हा केलं. चार विशबोन करायची होती, मी सात केली.

सगळ्यात किचकट नटं. पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टची नटं खऱ्या गाडीत सतरा मिलिमीटरची धरा, इथे ०.७. वितळवून ओढलेल्या प्लॅस्टिकच्या काडीला सहा पैलू घासायचे, मग ब्लेडने काप काढायचे. काप काढला की ब्लेड वर उचलताना तो ब्लेडबरोबर जातो आणि मग घरात. आठ नटांसाठी मी चाळीसेक काप पाडले. बत्तीस मोझॅकला. तेव्हा फरशीवर एक नट शोधताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काळं, गोल, इतकं सुबक काही सापडलं की मी श्वास रोखला. भिंगाखाली धरलं. मोहरी. मोजली: दीड मिलिमीटर. गुणिले चोवीस, छत्तीस. ॲक्सलच्या वर, गाडीच्या पोटाला, खड्ड्यात आपटू नये म्हणून जो रबरी गोळा असतो, बंप स्टॉप, तो नेमका एवढाच. लोक राईचा पर्वत करतात, मी दोन बंप स्टॉप केले. हे मला आजवर जमलेलं सगळ्यात स्वस्त काम.

मग गाडी चार चाकांवर उभी केली. तीन टेकली. चौथं अर्धा मिलिमीटर हवेत. हॉटेलातलं टेबल डगमगलं की पायाखाली कागदाची घडी सारतात, मीही दोन दिवस सारली. शेवटी गाडी आरशाच्या काचेवर ठेवून मागचे शॉकअप उखडले, पुन्हा बसवले, सोडा टाकला, श्वास धरून बसलो. टेकली. बायकोला हाक मारली. तिने पाहिलं, खरंच पाहिलं, वाकून. म्हणाली, "छान. पण दिसत नाही काही." तिचा मुद्दा बरोबर होता म्हणून मला राग आला. मी तीच काच गाडीखाली शोकेसमध्ये ठेवली, म्हणजे पोट दिसेल. आता पाहुणे त्या काचेत बघून केस सारखे करतात.

ठाण्याच्या मिस्त्रींना वचन दिलं होतं. गाडी रिकाम्या बुटाच्या खोक्यात कापसात घालून नेली. ते हात पुसून आले, हात पुसूनच आले, हे मला बरं वाटलं. गाडी घेतली, आणि वरून एक नजरही न टाकता उलटी केली. अकरा महिन्यांत हे पहिल्यांदा घडत होतं. डोळ्यांजवळ नेली. पाट्यावरून नख फिरवलं. "पाटे सहा? तो वरातीवाला?" मी मान डोलावली. छाती फुगली.

"शॅकल पुढं लावलाय साहेब," ते म्हणाले. "मागं असतो. पुढं पक्का बोल्ट, मागं शॅकल. तुम्ही पाटा उलटा बसवला."

मला पुठ्ठा आठवला, हॉर्न आठवला, कपाळ आठवलं. चारही टोकांना गोंद आणि सोडा. दगड. काढायचा तर ॲसिटोन, म्हणजे श्रीखंड.

मिस्त्रींनी माझा चेहरा पाहिला असावा. "असू द्या, हिला कुठे खड्ड्यात जायचंय," म्हणत त्यांनी पुन्हा गाडी उजेडात धरली आणि ॲक्सलच्या वर नख टेकवलं. "हा बंप स्टॉप मात्र ओरिजिनल वाटतो. आम्हाला हल्ली मिळत नाही. कुठून आणला?"

"मिसळणाच्या डब्यातून," मी म्हटलं.