सुरुंग ‘क्लिक’ करत नाही हो!

परवा आणखी एका युद्धपटाचा ट्रेलर आला. नाव घेत नाही. घेतलं काय न् नाही घेतलं काय, सगळे एकाच साच्यातून काढलेले. बर्फ, बायकोचा फोटो, आईचा फोन, घोषणा, स्लो मोशन. याचा आता रागसुद्धा येत नाही. पण त्यात ते सुरुंगाचं दृश्य आहे ना, त्यानं डोकं फिरलं.

नायकाचा पाय पडतो. ‘क्लिक.’ सगळे गोठतात. व्हायोलिन सुरू. नायक मंद हसून म्हणतो, तुम्ही पुढे व्हा. जिगरी दोस्त ऐकत नाही. तो गुडघे टेकून बुटाखाली सुरी सरकवतो, कपाळावरून घामाचा एक थेंब (एकच, तोही डाव्या बाजूनं, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूनं), आणि मग लाल वायर की निळी वायर!

अरे बाबांनो, पायाखालचा सुरुंग दाबानं फुटतो. पाय पडला, स्ट्रायकर डिटोनेटरवर आदळला, विषय संपला. तुमचे संवाद होईपर्यंत तो थांबत नाही. दाब सुटल्यावर फुटणारे सापळे असतात, नाही असं नाही. पण ते बहुतेक वेळा सुरुंगाच्या खाली लपवतात, सुरुंग उचलणाऱ्याचा जीव घ्यायला. म्हणूनच तर सापडलेला सुरुंग शहाणा सॅपर (म्हणजे लष्करातला इंजिनिअर जवान) हातानं उपटत नाही. भोवतीची माती बोटांनी मोकळी करायची, खालच्या बाजूला काही लावलंय का ते चाचपायचं, हुक अडकवायचा, दोरी सोडत लांब आडोशाला जायचं, जमिनीला चिकटून पडायचं आणि मग ओढायचं. वेळ नसेल तर शेजारी छोटा बार ठेवून जागच्या जागी उडवायचा. यात लाल वायर कुठेच नाही. निळीही नाही.

आणि ती सुरी! उभी खुपसतोय गडी! संगीन असो की सळई, ती तिरकी घालतात, साधारण ३० अंशांत, म्हणजे टोक सुरुंगाच्या कडेला लागतं, वरच्या दाबपट्टीवर नाही. पोटावर पडून, चार बोटं सरकत, पुन्हा पुन्हा. मागे पांढरी फीत अंथरत. पुढचा माणूस थोड्या थोड्या वेळानं बदलायचा, कारण दमलेला हात जोर लावतो आणि जोर लावला की संपलं. डिटेक्टर आहे की, म्हणाल. जिथे दोन दिवस तोफा चालल्यात तिथे जमिनीत तोफगोळ्यांचे तुकडेच तुकडे, तो पावलोपावली ओरडतो. आणि सुरुंग लाकडी खोक्यातला असेल तर त्याच्यावर गप्प बसतो. वर ट्रेलरमध्ये दाखवलेला सुरुंग चांगला जेवणाच्या ताटाएवढा. म्हणजे रणगाड्यासाठीचा. तो साध्या माणसाच्या वजनानं सहसा फुटतच नाही! नायकानं त्याच्यावर उभं राहून चहा प्यायला असता तरी चाललं असतं. (करून बघू नका.)

हे सगळं विचारायला यांच्याकडे माणूस नाही? खडकी पुण्यात आहे. बॉम्बे सॅपर्सचं घर. अंधेरीहून चार तासांचा रस्ता. फिल्म युनिटला खंडाळ्यात भजी खायला थांबून पाच.

आणि त्याच बॉम्बे सॅपर्समधून वर आलेला एक माणूस आहे ज्याच्यावर खरं तर कधीच मोठा सिनेमा यायला हवा होता. रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० मध्ये भरती, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई, १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट, आणि चार महिन्यांत जम्मूतला नौशेरा-राजौरी रस्ता, रणगाड्यांसाठी सुरुंग आणि अडथळे काढत. परमवीरचक्र. आपल्याकडे त्यांच्या नावाचं जहाज झालं, कारवारच्या किनाऱ्यावर पुतळा झाला, अंदमानात बेट झालं. पुढे?

त्या चार दिवसांचं वेळापत्रक वाचा, पटकथा आयती पडलीय. ८ एप्रिल १९४८, काम सुरू व्हायच्या आधीच उखळी तोफांचा मारा, तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी, त्या पाचांत स्वतः राणे. तरी रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता. ९ तारखेला सकाळी सहा ते दुपारी तीन, सलग. मग सगळ्यांत पुढच्या कॅरियरमध्ये बसून पुढे. अर्धा मैल जातो न जातो तोच रस्त्यावर पाइनची झाडं आडवी पाडलेली. उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुन्हा उडवली. संध्याकाळचे पाच. डोंगराला वेटोळे घालत जाणारा रस्ता, पुढच्या वळणावर रस्त्याखालची मोरी उडवून दिलेली, वरून मशीनगन. बगलेनं वाट काढली. सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून गोळीबार. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा त्याच झाडांपाशी, साडेसहाला मोकळं. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळे आणि उडवलेले बांध, साडेदहापर्यंत तेही. रणगाडे वाटेतल्या चिंगसला पोचले, तरी हे रात्री नऊपर्यंत मागचा रस्ता साफ करतायत, कारण रणगाड्यांच्या मागून इंधन, दारूगोळा आणि रोटी यायची असते आणि ती ट्रकनं येते. ११ तारखेला सकाळी सहाला परत हजर. अकराला चिंगसचा रस्ता खुला. रात्री दहापर्यंत पुढचा. दुसऱ्या दिवशी राजौरी.

यात थरार नाही? पाच झाडं, एक मोरी आणि घड्याळ. एवढ्यावर दोन तास प्रेक्षक खुर्चीच्या टोकाला बसेल. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत गेल्याची त्यांची गोष्ट सांगतात, तेवढी एक उचलतील हे लोक, आणि वर नायकाला शर्ट काढायला लावतील. झाडं मात्र कापून टाकतील. एडिटिंगमध्ये.

आता सुटलोच आहे तर बाकीचंही ऐकाच. हातबॉम्बची पिन दातांनी उपटणं बंद करा. पिनची टोकं मागे वाकवलेली असतात, दात निघून येतील, पिन येणार नाही. हेल्मेट काढून भाषण बंद करा. तोफगोळा पडला की पेट्रोलपंप फुटल्यासारखा केशरी आगडोंब बंद करा, खरा स्फोट म्हणजे काळी धूळ, दगड आणि बहिरेपणा. कारगिलमध्ये तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं टाकली, पण पडद्यावर कारगिल म्हणजे रायफलवाले दहा जण आणि एक पाठलाग. तोफखान्याचा निरीक्षक नावाचा प्राणी, पायदळाबरोबर वर चढून वायरलेसवर ‘उजवीकडे शंभर, वाढव पन्नास’ सांगणारा, तो आजवर कुठल्या नायकानं केलाय? नाही करणार. त्याच्या हातात नकाशा असतो, आणि नकाशा हातात धरून दंड दाखवता येत नाहीत.

आणि सिनेमातला मराठी शिपाई! नाव शिंदे किंवा पाटील. काम दोनच, विनोद करणं आणि मध्यंतराच्या आधी मरणं. मरताना ‘आई गं’. तोपर्यंत गणपतीबाप्पा मोरया. अहो, मराठा लाइट इन्फंट्रीची घोषणा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ आहे, बेळगावात रस्त्यावरच्या पोराला विचारा. ती घालायची हिंमत नाही, कारण ती आली की नायक कोण हा प्रश्न पडतो.

बरं, मान्य आहे, माझ्यासारख्याबरोबर सिनेमा बघणं ही शिक्षा आहे. ट्रेलर थांबवून, मोठा करून, खांद्यावरच्या फिती मोजणारा माणूस. घरच्यांनी केव्हाच नाद सोडलाय, पडद्यावर वर्दी दिसली की सगळ्यांना अचानक स्वयंपाकघरात कामं आठवतात. मिशीच्या कोनावरून भांडणाऱ्या ज्या म्हाताऱ्यांना लोक टाळतात, त्यांच्यात माझी भरती कधी झाली कळलंही नाही. चला, ठीक. राहू देत मिश्या, राहू देत बटणं. निदान गोष्ट तरी नवी आणा!

म्हणजे बघा, शत्रू एकदाही न दिसणारा युद्धपट मुंबईत, बंदरात पडलाय. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज. पोटात साधारण चौदाशे टन स्फोटकं, हजारो कापसाच्या गाठी, आणि एका पोलादी पेटीत सव्वाशेच्या आसपास सोन्याच्या विटा. धोकादायक मालाचा लाल बावटा? फडकवलाच नाही. दुपारी दोन नंबरच्या खणातून धूर. कापूस तळाला, स्फोटकं वर. पाणी मारलं, शेकडो टन. आणि पाण्यावर पेटलेला कापूस तरंगत तरंगत वर, स्फोटकांकडे! आग विझवणारेच आगीला जिना चढवतायत. जहाज बुडवावं तर तिथे खोली पुरत नाही. समुद्रात न्यावं तर इंजिन दुरुस्तीला उघडलेलं. काठावर कप्तान, बंदराचे अधिकारी, बंबवाले, दारूगोळ्याचे जाणकार, सगळे हजर, आणि ‘ओढा बाहेर’ असा हुकूम देण्याचा अधिकार नक्की कोणाचा हे कोणालाच माहीत नाही. हे आपल्याला किती ओळखीचं आहे! चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेजारच्या ‘जलपद्म’ जहाजाचा मागचा भाग उचलून धक्क्यावर. आगीचे ६६ बंबवाले गेले, त्यांच्यासाठी आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. सरकारनं बातमी दाबली तर जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं जगाला सांगितली. पुढे गाळ काढताना सोन्याच्या विटा निघत राहिल्या. सोनं आहे, आग आहे, लालफीत आहे, भायखळा, मशीद बंदर, डोंगरी आहे. निर्माता विचारणार, हिरॉइन कुठे?

सोडा. काश्मीर-लडाखमधली झोजिला खिंडच घ्या, त्यात तर रणगाडे आहेत, तुमचे लाडके. १ नोव्हेंबर १९४८, साडेअकरा हजार फुटांवर सेव्हन्थ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, पुढच्या रणगाड्यात स्वतः मेजर जनरल थिमय्या. पण खरी गोष्ट त्याच्या आधीची. श्रीनगरमधून जाताना ओळखू येऊ नयेत म्हणून बुरूज उतरवून, ताडपत्र्यांखाली, रात्री. वाटेतले पूल वजन पेलतील का, ही धाकधूक. मद्रास सॅपर्स खेचराची पायवाट रणगाड्याच्या रुंदीची करतायत. उंचीवर इंजिनाचा दम तुटतो, थंडीत तेल गोठायला येतं. वरून खिंडीतला शत्रू समजतोय की इथे रणगाडा येऊच शकत नाही. आणि तो येतो! हे एवढं फुकट मिळत असताना तुम्ही लेखकाला पैसे देऊन पुन्हा बायकोचा फोटो लिहून घेता?

इराकमधलं कूत तर कोणाच्या गावीच नाही. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तैग्रिसच्या वळणात अडकलेली सहावी पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी, म्हणजे आपल्याच कोकण-देशावरची पोरं. घोडे मारून खायची वेळ आली, बऱ्याच हिंदी शिपायांनी नकार दिला, हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांच्या परवानगीच्या तारा मागवल्या तरी कित्येकांनी तोंडाला लावलं नाही. पिठाचा शिधा मुठीवर आला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. विमानातून पोती टाकली, त्यातली काही नदीत, काही तुर्कांच्या खंदकात. दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले! शरणागतीनंतर जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर पाहुणचारात, त्याचा कुत्रा स्पॉट तुर्कांनी अदबीनं ब्रिटिशांकडे परत पाठवला. आणि शिपाई वाळवंटातून पायी रास-अल-ऐनकडे, बगदाद रेल्वेच्या कामावर. कुत्र्यावरसुद्धा सिनेमा निघाला असता एव्हाना, इंग्लंडात. इथे ज्यांची पोरं त्या वाळूत गेली त्या सातारा-रत्नागिरीच्या गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नुसते आकडे. नावं नाहीत. तीही दर दिवाळीला चुन्याखाली थोडी थोडी जाते. सातारा जिल्ह्यातल्या ‘अपशिंगे मिलिटरी’ गावात असा मेलेल्यांचा आकडा ४६ आहे. त्या ४६ घरांतल्या एखाद्या बाईच्या बाजूनं दोन तास बघायला काय हरकत आहे? पोस्टमन येतोय की नाही एवढ्यावरही सिनेमा उभा राहतो.

आणि ज्यांना संवादच हवेत त्यांच्यासाठी बांगलादेशातलं जमालपूर. डिसेंबर १९७१. आपले ब्रिगेडियर क्लेर ‘शरण या’ असं पत्र पाठवतात, मुक्तिबाहिनीतल्या माणसाच्या हाती. पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद उत्तर देतो, पुढच्या वेळी लेखणीऐवजी हातात स्टेनगन घेऊन भेटा, आणि पत्रात एक गोळी गुंडाळून पाठवतो. रात्री तो तुकडी घेऊन टांगाईलच्या रस्त्यानं निसटायला निघतो, तर शहराच्या दक्षिणेला रस्ता अडवून फर्स्ट मराठा, जंगी पलटण, अंधारात दबा धरून. पहाटेपर्यंत धुमश्चक्री. असा खलनायक लिहून तरी सापडेल का? पण माझ्या डोळ्यांसमोर असतो तो पत्र नेणारा माणूस. दोन्हीकडची बंदूक त्याच्याकडे रोखलेली, आणि परत येताना खिशात ती गोळी.

मला माहितीय, हा सिनेमा निघालाच तर काय होणार. तो पत्रवाला एका मिनिटात मरेल, आणि शेवटी नायक तीच गोळी बंदुकीत भरून, हेल्मेट काढून, सुलतान अहमदच्या छातीत घालेल. तो तर त्या रात्री निसटला होता, हे सांगायला गेलं की म्हणणार, क्रिएटिव्ह लिबर्टी आहे सर.