पाणी म्हणजे हायड्रोजनची राख

‘गटाराच्या पाण्यात वीज सोडा, हायड्रोजन काढा. इंधन फुकट, नदीही स्वच्छ. तेल कंपन्या हे दाबून ठेवतात.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, या वेळी काकांकडून. सांडपाण्याचा प्रश्न खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

‘इंधन फुकट.’ हायड्रोजन जळाला की पाणी होतं. म्हणजे पाणी ही त्याची राख. राखेतून पुन्हा लाकूड हवं तर जळताना निघाली तेवढी ऊर्जा घालावीच लागणार. किलोभर हायड्रोजनला पाणी 9 लिटर पुरतं, पण वीज लागते 50 ते 55 युनिट. 8 रुपये युनिट धरा, 400 रुपये विजेतच गेले. एवढ्या हायड्रोजनवर टोयोटाची मिराई शंभरेक किलोमीटर जाते. तीच वीज बॅटरीच्या गाडीत भरली तर 300 सहज.

‘गटाराचं पाणी थेट चालतं.’ नाही चालत. पेल्यात मिठाचं पाणी घेऊन पेन्सिलीच्या दोन शिशांना 9 व्होल्टची बॅटरी जोडून पाहिली. मिनिटभरात पोहण्याच्या तलावासारखा वास आला: क्लोरीन. (बंद खोलीत करू नका.) तो ज्यातून निघतो ते मिठातलं क्लोराइड सांडपाण्यातही असतंच. शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसतो, बोअरच्या पाण्यात हीटिंग रॉडवर बसतो तसाच. म्हणून कारखान्यातल्या यंत्राला आधी गाळून, क्षार काढून जवळजवळ शुद्ध केलेलं पाणीच द्यावं लागतं.

‘नदी स्वच्छ होते.’ हायड्रोजन पाण्यातून येतो, घाणीतून नाही. घाण आधीच्या शुद्धीकरणात काढावी लागते, आणि तो खर्च वेगळा. घाणीतून हायड्रोजन काढणारे जिवाणू आहेत. 2005 पासून त्यावर संशोधन चाललंय, वीजही बरीच कमी लागते. पण वेग मंद आहे आणि काम अजून प्रायोगिक पातळीवरच आहे.

‘दाबून ठेवतात’ म्हणाल तर विजेने पाणी फोडणं 1800 पासून माहीत आहे, शाळेत शिकवतात. 2023 मध्ये दिल्लीत हायड्रोजनच्या बसची चाचणी सुरू केली ती इंडियन ऑइलनेच.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी मात्र जरूर वापरावं. नागपुरात भांडेवाडीच्या सांडपाणी प्रकल्पातलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातंच. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन (म्हणजे सौर-पवन अशा विजेने पाणी फोडून काढलेला) हे देशाचं उद्दिष्ट आहे. त्यात प्रत्यक्ष फोडायला पाणी लागेल दिवसाला 12 ते 13 कोटी लिटर, भांडेवाडीच्या 13 कोटी लिटरच्या एका प्रकल्पाएवढं. शुद्धीकरणात वाया जाणारं धरून दुप्पट-तिप्पट म्हणा, तरी मिळेल. वीज लागेल वर्षाला किमान 25,000 कोटी युनिट. काका, अडतंय ते इथे.