जिवाणू म्हणजे इवलासा मासा नव्हे

विज्ञानाच्या ग्रुपवर एक ॲनिमेशन सारखं फिरत असतं. गुबगुबीत जिवाणू, मागे शेपटी आणि खाली मजकूर: "जिवाणू म्हणजे इवलासा मासाच. शेपटी हलवत पोहतो, शेपटी थांबली तरी झोकात पुढे जातो, अन्नाचा सुगावा लागला की थेट तिकडे निघतो. सगळे एकपेशीय जीव असेच पोहतात." चित्र गोड आहे, मुलांच्या मनात घर करून बसतं. म्हणूनच हे लिहितोय.

आधी शेपटी. जिवाणूची शेपटी, म्हणजे कशाभिका, डावी-उजवीकडे हलत नाही, ती फिरते. मळसूत्रासारखी पीळदार असते आणि मुळाशी, पेशीच्या आवरणातच, प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी मोटर बसलेली असते. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ मध्ये हे मांडलं. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी ते डोळ्यांना दाखवलं. त्यांनी कशाभिका काचेला चिकटवली. शेपटी अडकली आणि अख्खा जिवाणूच तिच्याभोवती गरागरा फिरू लागला, मधूनच उलट्या दिशेनेही. शेपटी नुसती हलत असती तर तो जागच्या जागी डुलला असता. घोळ नावातच आहे. कशा म्हणजे चाबूक. युग्लीना या एकपेशीय जीवाची किंवा शुक्रपेशीची शेपटी खरोखर लाटेसारखी वळते, पण तिची रचना पूर्ण वेगळी. दोघींना एकच नाव पडलं, इतकंच.

"झोकात पुढे जातो" हे तर अजिबात नाही. दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जिवाला पाणी आपल्यासारखं लागत नाही. आपण काकवीच्या हौदात उतरलो तर जसं होईल, तसं त्याचं रोजचं जगणं. एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये हिशोब मांडला: मोटर थांबली की जिवाणू हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाइतकाही पुढे जात नाही. जागीच थांबतो. अशा पाण्यात शिंपल्यासारखी नुसती उघडझाप केली तर जेवढं पुढे जाल तेवढंच मागे याल. मळसूत्र तिथे कामाला येतं ते यामुळे.

अन्नाकडे थेट जाणंही त्याला जमत नाही. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू साधारण सेकंदभर सरळ पोहतो, मग मोटर उलटी फिरते, त्याच्या अनेक कशाभिकांची जुडी सुटते, तो क्षणभर कोलांट्या खातो आणि भलत्याच दिशेला निघतो. मात्र तो काही सेकंदांपूर्वीची चव लक्षात ठेवतो. आत्ताची चव जास्त गोड असेल तर कोलांटी पुढे ढकलतो आणि सरळ पोहत राहतो. एवढ्या एका सवयीवर तो साखरेपाशी पोहोचतो. मला हे कुठल्याही माशापेक्षा थोर वाटतं.

राहिला "सगळे पोहतात" हा दावा. अमिबा छद्मपाद पुढे टाकून सरपटतो. डासाने त्वचेत सोडलेला मलेरियाचा परजीवी शेपटीशिवाय, आकार न बदलता घसरत जातो.

आणि पॅरामेशियम? डबक्याच्या पाण्यात थोडा पेंढा आठवडाभर भिजत ठेवा आणि त्यातला एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. अंगभर सिलिया, म्हणजे केसांसारखे बारीक धागे, असलेला तो जीव स्वतःभोवती गिरक्या घेत येतो, काडीला आपटतो, सिलियांचे फटकारे उलटवून तसाच मागे सरतो, थोडा वळतो आणि पुन्हा निघतो. पुन्हा आपटला तर पुन्हा मागे, पुन्हा थोडा वळून, काडीचं टोक सुटेपर्यंत.