पैशाने माणुसकी घालवली, हे खरं नाही

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय: ‘पूर्वी गावात पैसा नव्हता. ज्वारी द्यायची, मडकं घ्यायचं. सगळं माणुसकीवर चालायचं, दोस्तीत हिशोब नसायचा. पैसा आला आणि सगळं गेलं.’ वाचायला गोड आहे, पण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘पैसा नव्हता.’ नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले: २००० दरमहा एक टक्का व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. ठेव आणि व्याज दोन्ही तेव्हाच होतं.

‘ज्वारी द्यायची, मडकं घ्यायचं.’ गावगाड्यात असा हातोहात सौदा क्वचितच व्हायचा. कुंभार वर्षभर मडकी पुरवायचा, सुतार औतं दुरुस्त करायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपलं बलुतं, म्हणजे धान्यातला वाटा, आणायचा. मधले सगळे महिने उधारीचे. निव्वळ अदलाबदलीवर चालणारा समाज जगात कुठेही नोंदलेला नाही, हे मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलिन हम्फ्री यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय.

‘माणुसकीवर चालायचं.’ या वाक्याचा मला राग येतो. बलुतं जातीवर ठरायचं. महार वतनदाराला, म्हणजे गावाची कामं वंशपरंपरेने करणाऱ्याला, वेळी-अवेळी बोलावणं यायचं आणि बदल्यात किती धान्य पडेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, त्यात बलुत्याच्या जागी रोख रकमेची तरतूद मागितली होती. ज्याला हात पसरावा लागत होता, त्याला रोख पैसा म्हणजे ताठ मानेने जगण्याची सोय होती. ‘पैशाने माणुसकी घालवली’ हे त्याच्या घरी जाऊन कोण म्हणेल?

‘दोस्तीत हिशोब नसायचा.’ असायचा, आणि चोख असायचा. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करायचे, तेव्हा कुणाच्या रानात किती दिवस औत चाललं हे दोघांच्याही तोंडपाठ. लग्नाला जाण्याआधी आहेराची वही आजही उघडली जाते. फक्त हा हिशोब कधी पुरता मिटवायचा नसतो. शेजारच्या काकूंनी वाटीभर खीर दिली, तर वाटी रिकामी परत जात नाही. पण तासाभरात तेवढीच खीर करून नेली, तर त्यांना लागेल. चार दिवसांनी दोन लाडू जातात. मग त्यांचं काहीतरी येतं. देणं थोडं कमी-जास्त राहतं, म्हणून जाणं-येणं राहतं.

मेसेजच्या शेवटी टोमणा आहे की आजकालचे मित्र चहाचे पंधरा रुपयेही यूपीआयने पाठवतात. पाठवू देत. एकाचा पगार लाखात आणि दुसरा नोकरीच्या शोधात असेल, तर रोजचा फुकटचा चहा त्या दुसऱ्याला जड जातो आणि तो हळूहळू कट्ट्यावर यायचाच बंद होतो. आपले पंधरा रुपये दिले की तो उद्याही येऊ शकतो.