नोटिशीच्या माथ्यावरचे ‘विदाउट प्रेज्युडिस’

इंदूरच्या जिल्हा न्यायालयातले बहुतेक कागद हिंदीत असले, तरी वकिलांच्या नोटिशीच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ हे शब्द वारंवार दिसतात, आणि ते छापले की खाली काहीही लिहायला आपण मोकळे, असा समज आपल्या शिकल्यासवरल्या मराठी मंडळींतही आढळतो. माझ्या मते हा समज निराधार आहे.

येथे प्रेज्युडिस म्हणजे मनातला आकस नव्हे, तर हक्काला येणारी बाधा; म्हणून ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे हक्काला बाधा न येता. रामबागेतल्या एखाद्या जुन्या घराची वाटणी घ्या. थोरला भाऊ धाकट्याला लिहितो, ‘खालच्या दोन खोल्या तू घे आणि दावा मागे घे.’ तडजोड फिसकटली, की तेच पत्र पुढे करून धाकटा म्हणणार, ‘दादाने माझा हिस्सा कबूल केला आहे.’ असे होऊ नये म्हणून 1872 च्या पुरावा अधिनियमात कलम 23 होते. 1 जुलै 2024 पासून ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 21 मध्ये आहे. पुरावा म्हणून वापरायची नाही अशा स्पष्ट अटीवर दिलेली, किंवा तसे उभयपक्षी ठरले होते असे परिस्थितीवरून न्यायालयाला दिसणारी कबुली दिवाणी प्रकरणात ग्राह्य धरली जात नाही. म्हणजे बोलणी खरोखर तडजोडीची असतील, तर ते शब्द नसतानाही संरक्षण मिळू शकते. निव्वळ दटावणीच्या नोटिशीला मात्र केवळ शिक्क्याने ते मिळत नाही. (फौजदारी प्रकरणाला हे कलम लागूच नाही.)

भाड्याच्या पावतीवर मात्र ‘हक्क राखून’ असे लिहिण्यात शहाणपण आहे. जागा सोडण्याची नोटीस संपल्यावर घरमालकाने पुढचे भाडे घेतले, तर त्याने नोटीस सोडून दिली असे ठरू शकते; मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 113 खालचा दाखला नेमका हाच आहे.

अमेरिकन मालिकांतला, दावा ‘विथ प्रेज्युडिस’, म्हणजे पुन्हा लावता येणार नाही अशा रीतीने, निकालात निघण्याचा प्रकार आपल्याकडे त्या नावाने नाही. परिणाम मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 1 मध्ये आहे. त्याच कारणावर नव्याने दावा लावण्याची न्यायालयाची परवानगी न घेता दावा मागे घेतला, तर तो पुन्हा लावता येत नाही, आणि तेथे वकिलाच्या पत्रावर काय छापले होते हे कोणी विचारतही नाही.