सहा पॉइंट दोनची जगप्रदक्षिणा

पदवीला माझा पॉइंटर, म्हणजे सगळ्या गुणांची सरासरी, दहापैकी ६.२ होता. तेवढ्यावर माणूस नोकरी करू शकतो, संसार करू शकतो, दुसऱ्यांच्या मुलांना अभ्यास कसा करावा हेही सांगू शकतो. फक्त परदेशातल्या नामांकित विद्यापीठांत मास्टर्ससाठी अर्ज करू नये, असं सगळ्यांचं मत पडलं. मी अर्ज करायला बसलो.

या सगळ्या विद्यापीठांच्या पानांवर एक गोड वाक्य असतं: आम्ही उमेदवाराकडे समग्रपणे पाहतो, गुण म्हणजे सर्वस्व नव्हे. त्याच्याखाली लागणाऱ्या कागदपत्रांची यादी असते. त्यात पहिली असते गुणपत्रिका.

आता हा आकडा प्रत्येक देशाच्या मापात बसवायचा. अमेरिकेत माप चारचं. साधं त्रैराशिक मांडलं तर माझे होतात २.४८, आणि बऱ्याच ठिकाणी किमान ३ मागतात. (जाणकार म्हणतात, स्वतः रूपांतर करूच नका, गुणपत्रिकेवर आहे तेच भरा. अहो, आहे तेच तर नको आहे!) तिथल्याच एमआयटी या विद्यापीठात माप पाचचं आहे असं कळलं तेव्हा मी हरखलो. तिथे माझे ३.१ होत होते, म्हणजे चक्क तीनच्या वर! पण ते पाचपैकी, हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

मग जर्मनी. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आकडा जितका कमी तितका विद्यार्थी हुशार, हे वाचून त्या देशाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. परदेशी गुणांसाठी त्यांचं ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ आहे. कमाल गुणांतून आपले वजा करायचे, कमाल आणि पासाचे गुण यांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. आमच्याकडे पास व्हायला ४ लागत. मी तीनदा ताळा करून पाहिला, उत्तर २.९ च आलं. बऱ्याच अभ्यासक्रमांना २.५ च्या आत लागतात. म्हणजे अमेरिकेला आकडा मोठा हवा तर माझा लहान, जर्मनीला लहान हवा तर माझा मोठा. एकच आकडा दोन्ही दिशांनी नापसंत ठरावा, याला काही एक प्रतिभा लागते. ब्रिटनमध्ये दशांश नसतात, वर्ग असतात: फर्स्ट, अपर सेकंड, लोअर सेकंड, थर्ड. नामांकित ठिकाणी निदान अपर सेकंड मागतात. पुढचं मी वाचलं नाही.

गुण कमी असतील तर जीआरई या प्रवेशपरीक्षेत भरून काढ, असं प्रत्येकाने सांगितलं. या परीक्षेच्या मुख्य दोन विभागांचे गुण १३० पासून १७० पर्यंत असतात. सगळी उत्तरं चुकली तरी १३० मिळतात. इतकी दिलदार परीक्षा मी आयुष्यात पाहिली नव्हती. शिवाय २०२३ पासून ती दोन तासांच्या आत आटोपते. मी जीव तोडून अभ्यास केला, झकास गुण मिळवले, आणि मग मला हव्या असलेल्या विद्यापीठातल्या विभागाचं पान उघडलं. त्यांनी जीआरई बंद केली होती. पाठवलीत तरी बघणार नाही, असंही वर लिहिलं होतं.

राहता राहिला स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे मला हेच का शिकायचंय हे सांगणारा निबंध. इथे कमी गुणांचं स्पष्टीकरण द्यायचं, पण सबब सांगायची नाही. आजारपण सांगावं तर रडगाणं, न सांगावं तर लपवाछपवी. सर्वात सुरक्षित उपाय म्हणे ‘चढता आलेख’: सुरुवातीला घसरलो, पण शेवटच्या दोन वर्षांत सावरलो. माझी शेवटची दोन वर्षं पहिल्या दोन वर्षांपेक्षा वाईट होती. बराच विचार करून मी ‘मधल्या दोन सत्रांतली लक्षणीय प्रगती’ असं लिहिलं. सुरुवातीला बालपणापासूनची ओढ लागते, म्हणून लहानपणी रेडिओ उघडल्याचंही घातलं. तो पुन्हा कधी वाजला नाही, ही माहिती शब्दमर्यादेमुळे गाळावी लागली.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात. पत्रासोबतच्या तक्त्यात शिक्षकाने खूण करायची असते: हा विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत?

“पंचवीसमध्ये टाकतो तुला,” सर म्हणाले.

“सर, दहात नाही बसणार?”

“अरे, बाकीच्यांनाही मीच शिकवलंय.”

हे पत्र पुढे बघायचा हक्क सोडता का, असं अर्जातच विचारतात. सोडला नाही तर पत्राला वजन राहत नाही म्हणे. मी आनंदाने सोडला. सरांनी काय लिहिलं असेल याचा साधारण अंदाज होता.

मग उत्तरं येऊ लागली. यंदाचे अर्ज असाधारण दर्जाचे होते, असं प्रत्येक नकारपत्रात असतं. त्या अर्जांत माझाही होता, तेव्हा ही स्तुती थोडी माझीही झाली. एका ठिकाणी मात्र प्रतीक्षा यादीत नाव लागलंय. आर्थिक मदतीसह प्रवेश मिळालेल्यांना तिथे १५ एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा असते. तोवर कुणा नऊ पॉइंटरवाल्याला याहून मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं यावं, भरघोस शिष्यवृत्ती मिळावी, म्हणून मी रोज मनापासून प्रार्थना करतो. इतकं निर्मळ मनाने मी दुसऱ्याचं भलं कधीच चिंतलं नव्हतं.