कार्लटन-कॉलिंगवूडचा निकाल आधीच ठरलाय म्हणणाऱ्या त्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा उत्तर

गेले चार दिवस मेलबर्नच्या मराठी मंडळींच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला तो पाच ठिकाणांहून आला. थोडक्यात सांगायचं तर त्यात असं म्हटलंय: शनिवारी एमसीजी मैदानावर कार्लटन आणि कॉलिंगवूडची फुटीची (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची) मॅच आहे, तिकिटावर पैसे घालवू नका. फुटीला नियमच नाहीत, दांडगा असेल तो जिंकतो. नेम चुकला तरी पॉइंट देतात म्हणजे पोरखेळ. लॅडरवर (गुणतक्त्यात) वरची टीमच जिंकणार हे ठरलेलं. फारच वाटलं तर तिसरा क्वार्टर संपल्यावर फोनवर स्कोर बघा आणि झोपा. शंभर वर्षांचं वैर वगैरे सगळं मार्केटिंग. आणि बायकापोरांना नेऊ नका, मारामाऱ्या होतात.

मी हे सगळं मनावर घेतलंय त्याला कारण आहे. या वर्षी नव्याने आलेली दोन कुटुंबं माझ्यासोबत यायची होती, पोरांनी स्कार्फसुद्धा घेतले होते, आणि हा मेसेज वाचून एकांनी काल फोन करून नाही म्हणून सांगितलं. म्हणून एकदा नीट, सगळ्या मुद्द्यांना उत्तर देतो, लांबलं तर लांबू दे.

नियमांचं पटकन संपवतो. लांबून बघितलं की नुसती झोंबाझोंबी दिसते हे खरंय, आपल्याकडे कबड्डी न बघितलेल्या माणसाला पकड बघून जे वाटेल तेच. पण टॅकल खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वरच करायचा, डोक्याला हात लागला की फ्री किक, मागून पाठीत ढकललं की फ्री किक, बॉल हाताने फेकायचाच नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, बॉल घेऊन पळताना दर 15 मीटरला तो एकदा जमिनीला टेकवायचा, आणि किक 15 मीटर गेलेली असेल आणि मधे कोणाचा हात लागला नसेल तर झेलणाऱ्याला मार्क, म्हणजे निवांत थांबून किक मारायचा हक्क. हे बघायला मैदानात 2023 पासून चार अंपायर पळतात, शिवाय बाउंडरीचे आणि गोलचे वेगळे. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, ज्याच्यासाठी अख्खं स्टेडियम एका सुरात "बॉऽऽल" म्हणून ओरडतं, तो म्हणजे बॉल हातात असताना सोडवून घ्यायची संधी मिळूनही टॅकलमध्ये अडकलात तर बॉल समोरच्याला. म्हणजे दांडगाईपेक्षा अर्धा सेकंद आधी डोकं चालवणं लागतं. बास, एवढं माहीत असलं की मॅच कळते.

आता तो हुकलेल्या नेमाचा पॉइंट. इथे मात्र मी थांबणार आहे कारण मेसेज लिहिणाऱ्याने ज्याला पोरखेळ म्हटलंय ना, तिथेच या दोन टीमची अर्धी दुखणी आहेत. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला बॉल गेला तर गोल, 6 पॉइंट, गोल अंपायर दोन झेंडे हलवतो. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, 1 पॉइंट, एक झेंडा. 1979 ची ग्रँड फायनल, म्हणजे वर्षाचा विजेता ठरवणारी मॅच, बघा, याच दोन टीम. कार्लटन 11 गोल 16 बिहाइंड, एकूण 82. कॉलिंगवूड 11 गोल 11 बिहाइंड, एकूण 77. गोल सारखे! अख्खं वर्ष ठरलं ते पाच हुकलेल्या किकांवर. त्याच मॅचमध्ये कार्लटनच्या वेन हार्म्सने स्वतःच मारलेल्या किकमागे धावत जाऊन बाउंडरीवर अंग टाकलं आणि मुठीने बॉल आत ढकलला, तिथे केन शेल्डन उभा होता, गोल. बॉल रेषेबाहेर गेला होता की नव्हता यावर इथली म्हातारी माणसं आजही वाद घालतात, मी स्वतः एका लग्नात हा वाद जेवण गार होईपर्यंत चाललेला पाहिलाय.

उलटंही आहे. 1970 च्या ग्रँड फायनलला कॉलिंगवूडने 14 गोल 17 बिहाइंड मारले, कार्लटनने 17 गोल 9 बिहाइंड. म्हणजे बॉल खांबांपर्यंत कॉलिंगवूडने जास्त वेळा नेला आणि हरले 101 विरुद्ध 111 असे. हुकल्याचं बक्षीस म्हणून तो पॉइंट दिला जात नाही हो, तो हिशेब असतो, किती वेळा दारापर्यंत आलात आणि किती वेळा आत शिरलात याचा.

लॅडरचा मुद्दा: वरची टीम जिंकणारच. 2023 चं वर्ष घ्या. जूनमध्ये कार्लटन लॅडरच्या खालच्या निम्म्यात रखडली होती, लोक कोचला काढा म्हणत होते. कॉलिंगवूड सगळ्यात वर. जुलैच्या शेवटी दोघं समोरासमोर आले आणि कार्लटन जिंकली. कॉलिंगवूड त्या वर्षी शेवटपर्यंत पहिलीच राहिली आणि ब्रिस्बेनला 4 पॉइंटांनी हरवून चॅम्पियन पण झाली, तरी जुलैतल्या त्या रात्री लॅडर काही कामाला आली नाही. एवढा एकच दाखला पुरेसा आहे, "ठरलेलं आहे" म्हणणाऱ्याला.

आणि आता ते "तिसऱ्या क्वार्टरनंतर झोपा". हे वाचून मला अक्षरशः 21 ऑगस्ट 2022 ची दुपार आठवली, रविवार होता, मी जीवर (एमसीजीला इथे नुसतं जी म्हणतात) होतो, सीझनमधली दोघांची शेवटची मॅच. कार्लटनला फायनल्स, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, खेळून नऊ वर्षं झाली होती, आदल्याच आठवड्यात मेलबर्नकडून 5 पॉइंटांनी हरले होते, आज जिंकले किंवा बरोबरी झाली तरी आत. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा 24 पॉइंटांनी पुढे. माझ्या शेजारी सत्तरीच्या घरातले एक आजोबा, गडद निळा स्कार्फ, मांडीवर मॅचचं छापील पुस्तक उघडलेलं, त्यातल्या रकान्यांत प्रत्येक गोलची पेन्सिलीने रेघ ओढत होते, एका कानात रेडिओ. ब्रेकमध्ये त्यांनी मला मिंटची गोळी दिली आणि म्हणाले की बेटा अजून काही बोलू नकोस. मी खरं तर काही बोललोच नव्हतो, पण त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं की मी मनात कार्लटनला जिंकवून टाकलंय.

शेवटच्या क्वार्टरला कॉलिंगवूडचे गोल यायला लागले तसं ते पेन्सिल जास्त दाबून रेघ ओढायला लागले, दुसऱ्या टीमच्या रकान्यात, पण एक रेघ चुकवली नाही. आणि अगदी शेवटाला जेमी इलियटचा गोल, कॉलिंगवूड 75, कार्लटन 74. एक पॉइंट. कार्लटनचे 14 बिहाइंड होते त्या दिवशी, पंधरावा मिळाला असता तर बरोबरी, बरोबरीचे 2 गुण, आणि फायनल्स. ते झालं नाही, मग वेस्टर्न बुलडॉग्ज आणि कार्लटन दोघांचे विजय सारखेच, आणि पर्सेंटेजवर, म्हणजे वर्षभर मारलेले पॉइंट भागिले खाल्लेले पॉइंट, त्यावर एका टक्क्यापेक्षाही कमी फरकाने बुलडॉग्ज आत आणि कार्लटन बाहेर. आजोबांनी स्कोर लिहिला, पुस्तक मिटलं, पेन्सिल त्याच्यात खुपसून ठेवली आणि मॅच संपल्याच्या सायरननंतर बराच वेळ उठलेच नाहीत. झोपा म्हणे.

आणि हे 2022 चंच नाही. 1970 ला हाफटाइमला कॉलिंगवूड 44 पॉइंटांनी पुढे होती, मैदानात 1,21,696 माणसं, हा आकडा आजवर या खेळात कोणी मोडला नाही. कार्लटनचे कोच रॉन बरासी यांनी हाफटाइमला बेंचवरच्या टेड हॉपकिन्सला आत पाठवलं आणि सगळ्यांना सांगितलं की हँडबॉल (मुठीने मारलेला पास) करत पुढे पळा, किक मारायची वाट बघू नका. हॉपकिन्सने चार गोल मारले. माझ्या कामावर एक बाई आहेत, आता साठी ओलांडलेल्या, त्या तेव्हा दहा वर्षांच्या, वडिलांचा हात धरून आल्या होत्या, कार्लटनवाले. वडील हाफटाइमला वैतागून तिला ओढत बाहेर घेऊन आले. दोघं ट्रॅममध्ये बसले. घरी पोचेपर्यंत गल्लीतली माणसं रस्त्यावर नाचत होती. त्या सांगतात की वडिलांनी मरेपर्यंत परत कधीही सायरन होण्याआधी कुठलंच मैदान सोडलं नाही, मुलांच्या शाळेची मॅच असली तरी.

वैराचं म्हणाल तर थोडं खरं आहे मेसेजमध्ये, ते मान्य करतो. पूर्वी कार्लटन प्रिन्सेस पार्कवर खेळायची, कॉलिंगवूड व्हिक्टोरिया पार्कवर, मधे जेमतेम तीन-चार किलोमीटर. आता 1999 नंतर व्हिक्टोरिया पार्कवर आणि 2005 नंतर प्रिन्सेस पार्कवर पुरुषांची लीगची मॅच होत नाही. कॉलिंगवूड म्हणजे नदीकाठच्या सखल भागातले कारखान्याचे कामगार आणि कार्लटन म्हणजे पैसेवाले, सुटाबुटातले, हा फरकही घरभाड्यांनी कधीच पुसून टाकलाय. क्लब अर्थातच या नावावर तिकिटं विकतात. पण विकायला आधी काहीतरी असावं लागतं ना. कार्लटन क्लब 1864 चा, कॉलिंगवूड 1892 चा. मंदी यायच्या काळात, 1927 ते 1930, कॉलिंगवूडने लागोपाठ चार फ्लॅग, म्हणजे विजेतेपदं, जिंकले, त्या वस्तीत दुसरं काही मिरवायला नसताना. इकडे कार्लटनचा सपोर्टर म्हणजे पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस, म्हातारपणी चालता येईना तेव्हा प्रिन्सेस पार्कमध्ये गाडीत बसून मॅच बघता यावी म्हणून त्यांच्यासाठी खास उतार बांधला होता. आणि मग 1970, 1979, 1981, तीन ग्रँड फायनल कॉलिंगवूड कार्लटनकडूनच हरली. 1958 च्या फ्लॅगनंतर थेट 1990 पर्यंत एकही फ्लॅग नाही, त्या हरण्याला इथे "कॉलिवॉबल्स" असा शब्दच पडला. आज दोघांचे फ्लॅग किती? 16 आणि 16. कार्लटनचा सोळावा 1995 ला, कॉलिंगवूडचा 2023 ला. सतरावा आधी कोण घेणार हा प्रश्न कुठल्या जाहिरातवाल्याने बनवलेला नाही.

मेसेजमध्ये एक ओळ अशी पण होती की हा आपला खेळ नाही, इथल्याच लोकांचा. 1970 च्या त्या मॅचमध्ये कॉलिंगवूडच्या जेंकिनच्या खांद्यावर चढून ज्याने मार्क घेतला आणि जो फोटो या शहरात दर दोन पबांआड भिंतीवर दिसतो, तो अॅलेक्स जेसॉलेंको ऑस्ट्रियात साल्झबर्गला जन्मलेला, निर्वासितांचा मुलगा. कॉलिंगवूडचे डायकॉस, आधी बाप पीटर आणि आता मुलं जॉश आणि निक, मॅसेडोनियन घरातले. एका पिढीपूर्वी त्यांच्याही आयांना कोणीतरी हेच सांगितलं असेल.

बायकापोरांचं. जीवर दोन्ही टीमचे लोक शेजारी शेजारी बसतात, इंग्लंडच्या फुटबॉलसारखी वेगवेगळी कुंपणं नाहीत, खांबांमागे दोन्हीकडची झेंडेवाली मंडळी असतात तेवढीच वेगळी. आरडाओरडा होतो, एखादा प्यायलेला भेटतो, तसं वाटलं तर ड्राय एरियाची सीट घ्या, म्हणजे जिथे दारू चालत नाही, मी पोरांबरोबर तिथेच बसतो. आणि बायकांच्या लीगची पहिली मॅच, 3 फेब्रुवारी 2017, कोणामध्ये झाली माहितीये? कार्लटन आणि कॉलिंगवूडच. प्रिन्सेस पार्कला 24,568 लोक आत, दारं बंद करावी लागली, हजारो पोरी-आया-बाप बाहेर, आणि लीगच्या मुख्याधिकाऱ्यांना बाहेर येऊन माफी मागावी लागली. या वैरात बायकांना घरी ठेवून कसं चालेल, त्या स्वतःच खेळतायत.

शनिवारी काय बघायचं म्हणून विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, मैदानाच्या मधल्या वर्तुळातून पहिला बॉल कोण बाहेर काढतंय तिकडे डोळे ठेवा. कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स असला तर गर्दीतून, दोघं अंगावर असताना हात वर काढून देतो, निक डायकॉस असला तर गर्दीच्या कडेला थांबून घेतो आणि निघतो. 2024 च्या ब्राऊनलो मेडलला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसाला, हे दोघंच पहिले-दुसरे होते, क्रिप्स 45 मतं, तो विक्रम, डायकॉस 38. आणि दोन्हीकडचे बिहाइंड मोजत रहा. माझा अंदाज दहा पॉइंटांच्या आत, कोण ते मी सांगत नाही.

ज्यांनी नाही म्हटलं त्यांची दोन मोठी आणि एक लहान तिकीट माझ्याकडे पडून आहे, ड्राय एरिया, पंट रोडच्या टोकाला. मी जॉलिमाँट स्टेशनच्या बाजूने येणार आहे, मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी. कुणाला हवी असतील तर शुक्रवारपर्यंत फोन करा, लहान तिकिटासोबत स्कार्फ पण आहे, त्या पोराने निरोपासोबत तो परत पाठवलाय.